सीतारामभाऊंची वायरलेसची वही

सीतारामभाऊ धकाते, पवनीचे, विणकर मोहल्ल्यातले. आणि त्यांच्या घरच्या कौसल्यावहिनी. या दोघांनी मला मदत केली, हे आधी लिहून ठेवतो. माझं पत्रांमध्येही असंच होतं, लिहायला बसलो की माझंच रडगाणं पुढे येतं आणि मदत करणारा माणूस मागे राहतो. शाळा आठवीत सुटली. काय आधी लिहायचं आणि काय मागाहून, याचं वळण हाताला लागलंच नाही.

मी राजापूरकडचा. धरणाच्या पाहणीचा एक कॅम्प वैनगंगेच्या काठाला पडला, त्यात रोजंदारीवर लागलो आणि घरापासून इतका लांब आलो की पत्र जाऊन उत्तर यायला पंधरा दिवस लागत. काम सोपं होतं. घाटावर फुटांच्या खुणा रंगवलेला खांब होता. सकाळ-संध्याकाळ पाणी कितीवर आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पूर असला की दर तासाला. काम सोपं, पण साहेबाने नुसतं "उद्यापासून येऊ नको" म्हटलं की संपलं, अशी नोकरी. मी स्वभावाने भित्रा. रात्री झोपेतसुद्धा खांब दिसायचा.

राहायला सीतारामभाऊंच्या घरी मागची खोली मिळाली. पुढच्या खोलीत त्यांचा माग. पहिल्याच आठवड्यात सकाळी घाटाकडे निघालो तर गल्लीत ताणे पसरलेले. त्या मोहल्ल्यात ही रोजचीच गोष्ट. खुंट्यांवर लांबच लांब सूत ताणायचं, खळ लावायची, कुंच्याने साफ करत जायचं. त्या सगळ्या पांढऱ्या ताण्यांत एक ताणा तांब्याच्या तारेचा होता आणि हा किडकिडीत माणूस, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, कोपरापासून बोटापर्यंत हाताने ती तार मोजत चालला होता.

"हे कसलं लुगडं, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी मोजणं पुरं केलं. थांबले. मग म्हणाले, "हे दिसत नाही गा कोणाले. पण मद्रासपावतर पुरते."

घरावरच्या बांबूपासून चिंचेच्या झाडापर्यंत ती तार चढली. अँटेना. घरात मागाच्या बाजूला फळीवर त्यांचा वायरलेसचा संच होता, नागपूरच्या भंगारातून आणलेल्या सामानाचा, स्वतः जोडलेला. जवळच्याच कोंढा गावात फौजेतून निवृत्त झालेला एक सिग्नलवाला होता, त्याच्यापाशी ते ही विद्या शिकले. हौस म्हणून. ना त्यातून कमाई, ना गावात मान.

मोर्सची टकटक ते मागावर बसून शिकले होते. पायाखालच्या पावड्यांवर अक्षरं म्हणायची, लहान दाब, मोठा दाब. माग मध्येच थांबला की वहिनी चुलीपाशी म्हणायच्या, "अडलं. अक्षर आठवून नाही राहिलं." नागपूरला पहिल्या परीक्षेत ते नापास झाले. का, तर टेबलाखाली पाय बरोबर चालत होते, हाताला काही येईना. दुसऱ्या वेळी इंग्रजी लेखी राहिलं. तिसऱ्या वेळी पास. मग पोलीस चौकशी. हवालदार आला, तारेकडे बघत बघत चहा प्यायला आणि म्हणाला, "खरं सांगा धकाते, पाकिस्तानसंग बोलता का?"

"आधी कोंढ्यासंग तं बोलू द्या, साहेब," भाऊ म्हणाले. "तेच होऊन नाही राहिलं."

परवाना हातात यायला पुढे वर्ष गेलं. तो चौकटीत घालून त्यांनी मागाच्या वर टांगला. मी राहायला गेलो तेव्हा त्याला दोन वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी माग सुरू करण्याआधी त्याच्यावरून फडकं फिरायचं.

त्यांची बोलण्याची एक रीत होती. वायरलेसवर एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प राहायचं, पहिल्याचं संपलं की मगच दुसऱ्याची पाळी. ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातही तेच. तुम्ही बोलायचं थांबलात की ते मनात पाच आकडे मोजायचे आणि विचारायचे, "संपलं?" तुम्ही हो म्हटलं की ते बोलणार, आणि स्वतःचं झालं की म्हणणार, "बस." म्हणजे आता तुमची पाळी.

"यायच्यासंग भांडताच येत नाही, भाऊजी," वहिनी मला सांगायच्या. "मी बोलून राहिली तं हे ऐकून राहतेत. मी दम घ्याले थांबली का म्हणतेत, 'संपलं?' असं कुठी भांडण होते का?"

आणि संचावर बोलायचे काय? सकाळच्या वेळी टकटक सुरू व्हायची. मी एकदा कौतुकाने विचारलं. वहिनींनीच उत्तर दिलं. "काही नाही जी. हे विचारतेत, मी ऐकू येतो का? थो म्हणते, येता. थो विचारते, मी येतो का? हे म्हणतेत, येता. मंग राम राम. एवढ्यासाठी माह्या वाळवणाच्या जागेवर बांबू रोवला."

सिहोऱ्याला एक मास्तर याच नादातले. वहिनींची धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. एकदा वहिनींनी म्हटलं, मास्तरले सांगा, माह्या बहिणीले निरोप द्या का पोळ्याले ये. भाऊ म्हणाले, "नाही सांगता येत. परवान्यात लिहून आहे. आपलं बोलणं आपण बोलाचं. तिसऱ्याचा निरोप न्याचा नाही. पोस्टकार्ड टाक." बायकोच्या बहिणीचा निरोप म्हणजे तिसऱ्याचा! पुढे तीन दिवस त्या घरातल्या वरणात मीठ नव्हतं. भाऊ निमूट जेवले. मीही जेवलो. मोहल्ल्यातल्या कितीतरी जणांनी निरोपासाठी विचारून बघितलं: कोणाचा जावई पुलगावला, कोणाचा मुलगा भिलाईला. सगळ्यांना एकच उत्तर, पोस्टकार्ड टाका.

नियम तोंडपाठ आणि वही चोख. लांब, जाड पुठ्ठ्याची वही, तिच्यात प्रत्येक बोलणं चढायचं: वेळ, समोरचा कोण, आवाज कसा. काहीच ऐकू आलं नाही तर "काही ऐकू आले नाही" असंही लिहायचे.

त्यांचं एक स्वप्न होतं, रिपीटर. तुमसरकडच्या डोंगरावर एक यंत्र बसवायचं, खालच्या एका खेड्यातला आवाज ते ऐकेल आणि डोंगरापलीकडे पुन्हा सांगेल, की लहानशा संचानेही बोलता यावं. मला समजावताना म्हणाले, "थ्याचं काम एकच. अथचं ऐकाचं, तथी सांगाचं. मधात आपलं काही घालाचं नाही."

वहिनी आतून ओरडल्या, "म्हणजे आपली शेजारची पार्वताबाई!"

भाऊंनी मनात पाच मोजले. "नाही," ते म्हणाले. "पार्वताबाई मधात घालते. बस."

असा हा माणूस. हसणं कमी, थकवा जास्त. दिवसभर माग, आणि यंत्रमागाच्या कापडापुढे हातमागाचं लुगडं कोण घेतो म्हणून चिंता. एक खांदा धोटा फेकून फेकून उतरलेला. संध्याकाळी ओट्यावर बसले की बसल्या जागी डोळे मिटायचे. फक्त सकाळचा एक तास कानाला हेडफोन लावून बसायचे, तेवढाच तो चेहरा ताजा दिसायचा.

आता मुख्य सांगतो.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी पूर आला. त्याच्या आदल्या दिवशी मला घरून तार आली होती. सुमती, माझी बायको, आठव्या महिन्याची. तारेत एवढंच: सुमती अत्यवस्थ, रत्नागिरीस नेले, निघा. निघणार कसा? त्याच संध्याकाळी नागपूरच्या रस्त्यावर नाल्याचं पाणी चढलं, एसटी बंद. पोस्टातली तार बंद, फोन बंद. आणि रस्ता चालू असता तरी पुरात खांब सोडून गेलो तर नोकरी गेली. मी तार घडी करून खिशात ठेवली आणि दर तासाला पाणी लिहीत राहिलो. दोन दिवस. भाऊंना मी काही विचारलं नाही. पोस्टकार्ड टाका म्हणाले असते तर मला सहन झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरी भाकर खायला गेलो तेव्हा वहिनी भाऊंपुढे उभ्या होत्या. सदरा वाळत टाकताना त्यांना माझी तार सापडली होती आणि ती त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतली होती.

"भाऊजीच्या घरचं विचारा," त्या म्हणत होत्या. "थे बाई जित्ती हाय का मेली, हे तरी माणसाले समजाव का नाही?" एवढं बोलून त्या थांबल्या.

भाऊंनी मोजले असतील पाच. "संपलं?"

"नाही संपलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही उठत नाही तवापावतर संपणार नाही."

मी तसाच घाटावर परत आलो. आठचं पाणी लिहिलं. इतक्यात पोत्याची घोंगशी डोक्यावर घेऊन भाऊ पायऱ्या उतरत आले. "चला."

"नऊचं रीडिंग आहे, भाऊ."

"अर्ध्या घंट्यात वापस याल. चला."

घरी येऊन बघतो तर वाऱ्याने रात्रीच अँटेना तुटून पडलेली. वीज नव्हती, म्हणून त्यांनी शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली होती आणि तिच्यावर चालणारा त्यांचा लहान संच. पण तारेशिवाय संच मुका. कोठीतून नवी तार काढली. पावसात, गल्लीतच, हाताने मोजून कापली. बांबू उभा केला, मी चिंचेवर चढलो, तार ओढली, बांधली. भाऊंनी संच सुरू केला. तारेशी एक टॉर्चचा बल्ब जोडलेला असायचा, तार बरोबर असली की टकटकीची किल्ली दाबताच तो उजळायचा. त्या दिवशी नुसता तांबूस झाला. लहान संचाची सगळी ताकद वाटेतच जिरत होती.

त्यांनी सांधे बघितले, बॅटरी बघितली. पुन्हा तांबूसच. नऊ वाजून गेले. मी घाटाकडे जाऊ की थांबू, काही सुचेना. आणि मग भाऊ एकदम आपल्या हाताकडे बघत बसले.

"हातभर जास्ती धरली," ते म्हणाले. "दोन्हीकून."

सूत मोजताना विणकर नेहमी हातभर जास्त धरतो. खळ लागली की सूत आटतं, ती तूट आधीच सोडायची, ही बापजाद्यांची सवय. तांबं आटत नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पहिली अँटेना लावली तेव्हा तीन महिने याच चुकीत घालवले होते त्यांनी. पुढे दर वेळी ते मोजून झाल्यावर आठवणीने दोन टोकं कापायचे. आज घाईत हातांनी आपलं जुनं काम केलं आणि डोकं मागे राहिलं. मी पुन्हा चिंचेवर. तार उतरवली, दोन्ही टोकं हातभर कापली, पुन्हा चढवली. बल्ब लख्ख पेटला तेव्हा दहाला दहा कमी होते.

कोल्हापूरचा एक बँकेतला माणूस त्यांना मिळाला. भाऊंनी टकटक करून सगळं सांगितलं, सुमतीचं नाव, रत्नागिरीचा दवाखाना. त्याच्या घरी फोन होता. थांबा म्हणाला. आम्ही थांबलो. भाऊ कानाला हेडफोन लावून, मी दाराच्या चौकटीला धरून, वहिनी चूल विझवून. दहा वाजले. माझा खांब पुरात एकटा उभा होता.

अकराच्या सुमाराला भाऊंची पेन्सिल हलायला लागली. एकेक इंग्रजी अक्षर कागदावर उतरत होतं. मला जुळवून वाचता येत नव्हतं, मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पेन्सिल थांबली. त्यांनी किल्लीवर उत्तर दिलं, हेडफोन काढला, संचाचं बटण बंद केलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"बाई वाचली. लेकरू नाही राहिलं. पोरगी होती."

पुढे-मागे एक शब्द नाही. देवाची मर्जी वगैरे काही नाही. "बस" सुद्धा म्हणाले नाहीत. वहिनींनी तोंडाला पदर लावला. भाऊ हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसून राहिले, माझी पाळी येईपर्यंत.

मी घाटावर पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. पाणी बरंच चढलं होतं. आठचा आकडा वहीत होता, आताचा डोळ्यांसमोर होता. मधले नऊ, दहा, अकरा, तिन्ही मी अंदाजाने भरले. अक्षर मुद्दाम नेहमीसारखं काढलं.

संध्याकाळी त्यांची वही फळीवर उघडी होती. त्यांनी लिहिलं होतं: वेळ, कोल्हापूर, आणि पुढे मराठीत, "तिसऱ्या माणसाचा घरचा निरोप. त्याची बायको दवाखान्यात. नियम मोडला." माझं नाव नव्हतं.

"भाऊ, हे पान फाडा," मी म्हणालो. "कोण बघायला येतंय?"

ते म्हणाले, "ताण्यात धागा तुटला तं लपवाचा नसते गा. गाठ माराची. अन गाठ दिसू द्याची."

हिवाळ्यात नागपूरहून दोन साहेब तपासणीला आले. माणसं वाईट नव्हती. संच बघितला, कौतुक केलं, वहिनींच्या हातचे पोहे खाल्ले. मग वही चाळताना मोठ्या साहेबाचं बोट एका ओळीवर थांबलं. मी मधल्या दारात उभा होतो, हातात पाण्याचा तांब्या.

"धकाते, हे काय? हा माणूस कोण?"

भाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"हे बघा," साहेब म्हणाला, "पूर होता, तारा बंद होत्या. संकटात केलं असं धरता येईल. त्या माणसाचं नाव, तो काय काम करतो, आणि त्या वेळी तो इथं होता, एवढं त्याच्या सहीनं द्या. फाइल बंद. नाहीतर मला परवाना स्थगित करावा लागेल."

एवढंच. नाव, काम आणि सही. पण सही केली की मी दहा वाजता इथं होतो हे कागदावर येणार, आणि कॅम्पच्या वहीत दहा वाजता मी घाटावर होतो. भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. नजर गेली असती तर साहेबाच्या लक्षात आलं असतं, म्हणून ते सारा वेळ मागाच्या लाकडाकडे बघत होते.

"नावाची जागा कोरी राहू द्या, साहेब."

"का? चोर आहे का तो?"

"नाही जी. रोजंदारीवाला हाय."

मी तांब्या घेऊन तसाच उभा होतो. दोन पावलं पुढे टाकायची होती फक्त. मी पाणी ठेवून आत गेलो.

संचाला लाखेचं सील लागलं. परवान्याची चौकट भाऊंनी स्वतः उतरवून साहेबांच्या हातात दिली. साहेब म्हणाला, नाव कधीही आणून द्या, कागद तयार आहे.

ते गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, मी जातो नागपूरला. सांगतो मीच."

त्यांनी विचारलं, "संपलं?"

"हो."

"तुमच्या वहीत नऊ, दहा, अकराले काय लिहून हाय?"

मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी खाली बघितलं.

"मंग? आधी बाईले इकडं आणा. थ्या खोलीत एकटे राहू नोका आता. नोकरी राहू द्या. बस."

सुमतीला मी आणलं. वर्षभर ती त्या मागच्या खोलीत राहिली. वहिनींनी तिला कामाला लावलं, रडायला वेळ दिला, हळूहळू हसायलाही लावलं. भाऊ मागावर बसायचे. सकाळचा तो एक तास आता त्यांना मोकळा होता आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नसे. कधी ओट्यावर बसत, कधी शेजाऱ्याचा बिघडलेला रेडिओ उघडून ठेवत, दुरुस्त करत आणि न ऐकताच परत देत. मला एका शब्दाने, एका नजरेनेही त्यांनी कधी बोल लावला नाही. तो लावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग कॅम्प हलला, माझी बदली पार नाशिककडच्या कामावर झाली. निघायच्या दिवशी भाऊ आम्हाला स्टँडवर सोडायला आले. आमची एकुलती पेटी एसटीच्या टपावर चढवायला मी हमाल शोधत होतो, तोवर ते स्वतःच ती डोक्यावर घेऊन शिडीने वर गेले. दोरी बांधायला इतका वेळ लावला की कंडक्टर खालून ओरडला, "ओ बुढेबाबा, पेटी बांधून राहिले का मोट? उतरा!" ते उतरत असतानाच ड्रायव्हरने गाडी सोडली. शेवटच्या पायरीवरून त्यांनी उडी मारली आणि एक चप्पल तिथेच कुठेतरी पडली. मी खिडकीतून मागे बघितलं तेव्हा ते खाली वाकून, एका पायाने अनवाणी, धुळीत चप्पल शोधत होते. आम्ही हात हलवला. त्यांनी बघितलं नाही. गाडी वळली.

नाशिकला उतरलो तर पेटीची गाठ कोणाला सुटेना, दोरी कापावी लागली.

याला तीन वर्षं झाली. मी अजून रोजंदारीवरच आहे. कायम होण्याच्या यादीत नाव आहे म्हणतात. वहिनींची पत्रं कोणाकडून तरी लिहवून येतात, त्यात भाऊ बरे आहेत, संच तसाच आहे, एवढं असतं. दर पत्रानंतर मी ठरवतो आणि दर वेळी नोकरीची भीती वाटते. ती लपवत नाही. पण सुमतीला सगळं सांगितलं आहे, तीन खोट्या आकड्यांसकट. ती म्हणाली, "यादी येवो न येवो, तुम्हाला जायला लागेल." जाणार. भाऊ, तुमच्या वहीतली ती कोरी जागा मी भरणार. नाव गणपत, काम पाणी मोजण्याचं, आणि खाली माझी सही. नागपूरच्या त्या साहेबापुढे उभा राहून भरीन आणि तुमची चौकट तुमच्या हातात आणून देईन. कोणत्या महिन्यात, ते आज लिहिण्याचं धाडस होत नाही. पण आणून देईन.